यॉर्कशायर थ्री पीक्स : देणगीसाठी ३९ किमी, १२ तासांत. आठ जणांना जमेल का?

लीड्सची_कैरी
नमस्कार मंडळी. जूनमधल्या एका शनिवारी आमचा आठ जणांचा गट उत्तर इंग्लंडमधले यॉर्कशायर थ्री पीक्स, म्हणजे तीन डोंगर एका दिवसात, चालणार आहे. हॉर्टन-इन-रिबल्सडेलहून निघायचं, पेन-इ-गेंट (६९४ मी), व्हर्नसाइड (७३६ मी) आणि इंगलबरो (७२३ मी) करून परत हॉर्टनला यायचं. अंतर सुमारे ३९ किमी, एकूण चढ १५८५ मी, आणि रिवाजाप्रमाणे १२ तासांच्या आत. प्रायोजकांकडून जमेल ती रक्कम निम्मी इथल्या एका हॉस्पिसला (अखेरच्या आजारातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था) आणि निम्मी विदर्भातल्या एका आरोग्य-संस्थेला द्यायची आहे.
गटात दोघं नियमित ट्रेकर, दोघं पुण्याहून येणार, दोघं मध्यम आणि उरलेले दोघं 'रोज पार्कात तासभर' वाले. विचारायचं असं : १२ तास हे गणित खरंच बसतं का? बूट-मोजे काय घ्यावेत? पैसे गोळा करताना काय सांभाळावं?

रानवाट
गणित बसतं, पण काठावर. नेस्मिथचा नियम लावा : ५ किमीला एक तास, वर दर ६०० मी चढाला एक तास. ३९ किमीचे पावणेआठ तास आणि १५८५ मीटरचे दोन तास चाळीस मिनिटं, म्हणजे जवळजवळ साडेदहा तास. हा नियम न थांबणाऱ्या, धडधाकट माणसासाठी आहे. जेवण, फोटो, बुटात गेलेला खडा काढणं यातलं काहीच त्यात नाही. तुमच्या हाती उरला दीड तास, आणि तो आठ जणांत वाटायचा आहे.

टिवल्याबावल्या
थ्री पीक्स म्हणजे ते बेन नेव्हिसवालेच ना? २४ तासांत तीन देश?

रानवाट
नाही हो. ते नॅशनल थ्री पीक्स : बेन नेव्हिस (१३४५ मी), स्काफेल पाइक (९७८ मी) आणि वेल्समधलं स्नोडन ऊर्फ अर् विड्वा (१०८५ मी). त्यात डोंगरापेक्षा गाडीचा प्रवास जास्त. झोप न झालेला ड्रायव्हर आणि मध्यरात्री खेडेगावात दारं आपटत उतरणारी मिनीबस हे त्याचं खरं दुखणं. यॉर्कशायरच्या तिन्ही टेकड्या एकाच वर्तुळात येतात, सगळं पायी.

टिवल्याबावल्या
टेकड्या म्हणालात! कळसूबाई १६४६ मी आहे म्हटलं.

दगडोबा
उंचीवर जाऊ नका, टिवल्या. कळसूबाई एकदा चढून उतरायची असते. इथे तीनदा चढायचं, तीनदा उतरायचं, आणि मधल्या सपाटीवरचे किलोमीटर कुणी मोजत नाही, तेच मारतात.

कैरीताई, सकाळी ६:३० ला निघायचं धरून आराखडा देतो (अंतरं अंदाजे) :

६:३० हॉर्टन. ४.५ किमी.
८:१० पेन-इ-गेंट माथा. पुढे ११.५ किमी, बहुतेक उतार आणि सपाटी.
११:०० रिबलहेडचा रेल्वेपूल. २० मिनिटं जेवण.
१:२५ व्हर्नसाइड (६.५ किमी).
२:३५ चॅपल-ल-डेल (४.५ किमी, पायऱ्यांचा खडा उतार). १५ मिनिटं.
४:३० इंगलबरो (४ किमी).
६:२० हॉर्टन (७.५ किमी).

शिल्लक दहा मिनिटं. ती कुठे जातात तेही सांगतो. शेतांच्या दगडी कुंपणांना फाटकं असतात, क्वचित चढून ओलांडायच्या शिड्या. एकेकानं पलीकडे जायचं, शेवटच्यानं फाटक लावायचं (लावायचंच, मेंढ्या असतात). माणशी वीस सेकंद धरली तरी आठ जणांना पावणेतीन मिनिटं. पुढचा माणूस मागच्यासाठी थांबत असेल तर असे पंचवीस अडथळे म्हणजे तासाच्या वर गेलं. म्हणून चार-चारच्या दोन तुकड्या करा, दोन्हींत एकेक अनुभवी, आणि तुकड्यांनी एकमेकींसाठी फक्त रिबलहेड आणि चॅपल-ल-डेललाच थांबायचं.

सावकाश_सावंत
दगडोबांच्या वेळापत्रकाला एक जोड. कधी सोडायचं ते आदल्या रात्रीच ठरवा आणि सगळ्यांकडून वदवून घ्या. रिबलहेडला बारापर्यंत पोचला नाहीत तर ती तुकडी तिथेच संपली. तिथे रस्ता आहे आणि लीड्स-कार्लाइल मार्गावरचं स्टेशन आहे, हॉर्टन पुढचंच स्टेशन. चॅपल-ल-डेलला पावणेचार ही दुसरी मर्यादा, तिथेही रस्ता लागतो, त्यामुळे एक गाडीवाला मोकळा ठेवा. या दोन जागा सोडल्या तर मधूनच बाहेर पडणं म्हणजे नुसती पायपीट.
'देणग्या घेतल्यात, आता कसं सोडू' हा विचारच माणसाला दुखऱ्या गुडघ्यानं इंगलबरोवर चढवतो. प्रायोजकांना आधीच लिहा की देणगी प्रयत्नाला आहे, वेळेला नाही.

पायतळ
पायांबद्दल. बूट रोजच्या मापापेक्षा अर्ध्या नंबरानं मोठा, कारण सात-आठ तासांनी पाऊल सुजतं. नवा बूट किमान ५०-६० किमी चालवल्याशिवाय या वाटेवर आणू नये. आत पातळ मोजा, वर लोकरीचा जाड, म्हणजे घर्षण दोन मोज्यांत होतं, कातडीवर नाही. सुती मोजा नकोच, भिजला की सॅंडपेपर होतो.
नखं तीन-चार दिवस आधी, सरळ कापा. आदल्या रात्री कापली तर कोपरा बोचतो. व्हर्नसाइडच्या उतारापूर्वी लेस नव्यानं बांधा : घोट्याच्या वळणावर दुहेरी पीळ, म्हणजे टाच मागे रुतून राहते आणि अंगठा पुढे आपटत नाही. काळी पडलेली नखं बहुतेक याच एका आळसाची.
आणि टाचेला 'जरा गरम लागतंय' वाटलं की त्याच क्षणी थांबा. पुढच्या फाटकाला नाही. पाय कोरडा करा, झिंक ऑक्साइड टेप सुरकुती न पडू देता लावा, टेपचे कोपरे गोल कापा म्हणजे सुटत नाहीत. दोन मिनिटांचं काम. फोड आला की मात्र वीस मिनिटं आणि पुढचे सगळे उतार गेले.

सह्यकडा
घोट्यापर्यंतच्या बुटांचा आग्रह का? सह्याद्रीत आपण साध्या शूजवर रतनगड करतो. हलका ट्रेल शू घ्या, पाणी शिरलं तरी वाळतो.

पायतळ
कोरड्या जूनमध्ये मान्य. पण ज्यांना सवय नाही त्या दोघांना दहाव्या तासाला, इंगलबरोवरून हॉर्टनला उतरताना, सल्बर निकच्या गुळगुळीत चुनखडीवर घोट्याचा आधार लागेल. बाकीच्यांचं तुम्ही म्हणता ते बरोबर.

बेडूकउडी
सह्याद्री आणि इथला मोठा फरक चिखलाचा. आपला चिखल निसरडा असतो पण त्याला तळ असतो. इथला पीट म्हणजे हजारो वर्षं कुजत साठलेली वनस्पती, पाण्यानं फुगलेली. वरून गवत, खाली गुडघ्यापर्यंत काळी खीर. ओळखायची खूण : पोपटी, मऊ, गादीसारखं शेवाळ दिसलं की पाय द्यायचा नाही. ताठ गवताचे, लव्हाळ्याचे झुबके असतात त्यांच्या बुडख्यावर पाय ठेवायचा.
पेन-इ-गेंटनंतरची जुनी वाट ब्लॅक डब मॉस नावाच्या दलदलीतून जायची. आता व्हिटबर टेकडीवरून बांधीव वाट आहे. जुन्या ट्रॅकची फाइल फोनवर घेतली असेल तर ती तुम्हाला सरळ दलदलीत नेईल. नवीच घ्या.

टिवल्याबावल्या
'गुडघ्यापर्यंत काळी खीर' वाचून नाश्ता सोडला.

हिशेबनीस
पैशांचा प्रश्न सगळ्यांनी टाळलाय, म्हणून सविस्तर.

(अ) ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्यानं १० पाउंड दिले आणि गिफ्ट एडची खूण केली तर संस्थेला सरकारकडून वर २.५० मिळतात. कागदी यादीवर गोळा करणार असाल तर देणाऱ्यानं स्वतः पूर्ण नाव, घरचा पत्ता, पोस्टकोड, रक्कम आणि खूण भरायची. ऑफिसचा पत्ता चालत नाही. 'मामा, १० पाउंड' अशा नोंदीवर काही मिळत नाही.
(आ) पुण्यातल्या काका-मावशींच्या देणगीवर गिफ्ट एड नाही, कारण ते इथे कर भरत नाहीत. त्यांना तिकडे देणगीवरची करसवलत (८०जी) देखील मिळणार नाही, कारण पैसे ब्रिटिश संस्थेला गेले. त्यांनी विदर्भातल्या संस्थेला थेट रुपयांत द्यावेत, संस्थेकडे ८०जी असेल तर पावती मागावी.
(इ) निम्मे-निम्मे करायला एकच पान उघडून पैसे तुमच्या खात्यात घेऊन मग वाटू नका. हॉस्पिसचं पान वेगळं. भारतातल्या संस्थेला परदेशातून पैसे घ्यायचे तर एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. गोऱ्या सहकाऱ्याची देणगी म्हणजे परदेशी देणगी. ओसीआय कार्डवाल्या (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या) मराठी माणसाचीसुद्धा परदेशीच. मात्र भारतीय पासपोर्ट असलेल्यानं आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. आठ जणांच्या ओळखीत हे तिन्ही प्रकार असणार! संस्थेला आधी विचारा. नोंदणी नसेल तर त्या कामाला निधी देणारी ब्रिटनमधली नोंदणीकृत संस्था सापडते का पाहा.
(ई) प्रवास, राहणं, जेवण स्वतःच्या खिशातून. देणगीतून खर्च भागवला की गिफ्ट एडचेही प्रश्न येतात आणि लोकांच्या भुवयाही.
(उ) कंपनी तुमच्याइतकीच भर घालते का, हे एचआरला चालण्यापूर्वी विचारा. बऱ्याच ठिकाणी अर्ज आधी लागतो आणि वर्षाची मर्यादा असते.

लीड्सची_कैरी
हिशेबनीस, दंडवत. (इ) आमच्या डोक्यातही नव्हतं. आम्ही अगदी तेच करणार होतो, एक पान आणि नंतर वाटणी.

खवचट_खारूताई
मला मुळातच एक कळत नाही. तुम्ही डोंगर फिरणार, हवा तुम्ही खाणार आणि पैसे मी द्यायचे? वारीत लाखो लोक आळंदी-देहूहून पंढरपूरला चालतात. तिथे गावोगावचे लोक चालणाऱ्याला जेवू घालतात. चालणारा पावतीपुस्तक घेऊन फिरत नाही.

दिवेघाट
खारूताई, पण वारीतही दुसऱ्याच्या चालण्यात आपला वाटा असतोच. स्वतः जाता येत नाही म्हणून वारकऱ्याचे पाय चेपणारा, चपला शिवून देणारा चांभार, फुकट दाढी करणारा नाभिक यांचं काय? चालण्यामुळे देणाऱ्याला निमित्त मिळतं, इथेही तेच. फरक एवढाच की इथे निमित्ताला वेबपान आहे.

खवचट_खारूताई
निमित्त मान्य. पण मग माणसानं निदान कष्टाचं काहीतरी करावं. 'स्पेनच्या सहलीसाठी मला प्रायोजित करा' छापाच्या विनंत्या येतात, त्यांचं काय?

हिशेबनीस
म्हणूनच (ई).

रानवाट
दुसरं टोकही आहे. ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या ट्रेलवॉकर या देणगीसाठीच्या चालीची सुरुवात १९८१ मध्ये हाँगकाँगला गुरखा सैनिकांच्या सरावातून झाली. चौघांचा संघ, १०० किमी, ४८ तास. चौघांनी एकत्र संपवायचं, हीच त्यातली मेख. वेगवान माणसाचा वेग तिथे कामाचा नाही, सगळ्यात हळू चालणाऱ्याला कसं चालतं ठेवता ते कामाचं. कैरीताईंनी दगडोबांच्या दोन तुकड्यांना तोच नियम लावावा : सगळ्यात हळू माणूस दुसऱ्या क्रमांकावर, शेवटी कधीच नाही. शेवटच्याच्या वाट्याला विश्रांती येत नाही, तो पोचतो तेव्हा बाकीचे उठलेले असतात.

दगडोबा
+१. क्रमांक दोनचा मुद्दा लाखाचा.

सुगरण_पोटली
खाणं. ताशी २००-३०० कॅलरी, पहिला घास निघाल्यावर पाऊण तासात, भूक लागण्याआधी. नुसत्या गोड बारवर राहिलात तर दुपारी दोनला तोंड नको म्हणतं. म्हणून आलटून-पालटून : गूळपोळी, खारे दाणे, खजूर, मेथीचा ठेपला, चीज सँडविच. गूळपोळी घडी करून बटर पेपरात, एकेक वेगळी. थंडीत कडक होत नाही, चालता चालता एका हातानं खाता येते. चिक्की चांगली, पण वाऱ्यात दात थंड असताना कडक चिक्की नको, राजगिऱ्याची न्या.
पाणी दोन लिटर सोबत, रिबलहेडला भरायला तिसरं तुमच्या गाडीवाल्याकडे. तिथे कधी खाण्याची गाडी उभी असते, पण तिच्या भरवशावर निघू नका. ओढ्याचं पाणी तसंच पिऊ नका, वर मेंढ्या असतात. एका बाटलीत ओआरएस : एक लिटरला एक पुडी, किंवा चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दिवसभर नुसतं साधं पाणी ढोसलं तर अंगातलं मीठ उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि लोक त्याला उन्हाचा त्रास समजून आणखी पाणी पाजतात.

टिवल्याबावल्या
केंडल मिंट केकचं नाव नाही घेतलंत?

सुगरण_पोटली
पेपरमिंट घातलेली साखरेची वडी. शेवटच्या चढाला ठीक. दोन तुकड्यांवर खाल्लीत तर टूथपेस्ट गिळल्यासारखं होतं.

पर्वती_१०३
पुण्याहून येणाऱ्या दोघांसाठी सराव. आतकरवाडीतून सिंहगड एकदा म्हणजे साधारण ५५०-६०० मी चढ. एका दिवसात तीनदा केलात की थ्री पीक्सचा चढ भरून वर उरतो. पण तीनदा उतरायचंही, गाडीनं नाही! मांडीचे पुढचे स्नायू उतारात फाटतात, चढात नाही, आणि त्यांना तयार करायला उतारच लागतो. दर आठवड्याला एक लांब चाल : १२ किमीपासून सुरुवात, दोन-दोन वाढवत २८-३० पर्यंत. त्यापुढे सरावात जायची गरज नाही. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार लागोपाठ. शेवटचे दहा दिवस हलके. एप्रिल-मेच्या उन्हात पहाटे पाचला निघा. कात्रज ते सिंहगड एकदा कराच, एकामागून एक टेकड्या उतरून पुन्हा चढण्याचा तो कंटाळा इथे अगदी कामाला येतो.
पार्कवाल्यांनी तासाची चाल तशीच ठेवावी, फक्त पाठीवर पाच किलो आणि इमारतीचे जिने.

धुकटवाट
सगळ्यात महत्त्वाचं राहिलंय : इंगलबरोचा माथा. तो टोकदार नाही, मैदानासारखा सपाट आहे. वर अधिक चिन्हाच्या आकाराचा दगडी आडोसा आहे, कुठूनही वारा आला तरी एक कोपरा मिळतो. धुक्यात तिथे चार मिनिटं बसून उठलं की चारही दिशा सारख्या दिसतात. चुकीच्या कडेनं उतरलात तर इंगल्टन किंवा क्लॅपहॅमला पोचता, हॉर्टन डोंगराच्या दुसऱ्या अंगाला.
उपाय सोपा. चॅपल-ल-डेलकडून वर येताना माथ्याच्या अलीकडे हॉर्टनची वाट डाव्या हातानं येऊन मिळते. तिथे थांबून फोनवर खूण करा. माथ्यावरून आल्या वाटेनं त्या फाट्यापर्यंत परत या. आता डावी वाट चॅपल-ल-डेलला उतरते, उजवी सल्बर निकमधून हॉर्टनला. आडोशात बसण्यापूर्वी कुठून आलात त्या बाजूला एक काठी आडवी टाकून ठेवा.
कागदी नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल २, होकायंत्र, शिट्टी, आणि जून असला तरी हेडलॅम्प. मदत लागली तर ९९९, आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. आवाजाचा सिग्नल मिळाला नाही तर मजकूर पाठवता येतो, पण त्यासाठी 'रजिस्टर' असा संदेश ९९९ ला घरूनच पाठवून नोंदणी करावी लागते. शिट्टी मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर गप्प. येणारी माणसं क्लॅपहॅमच्या केव्ह रेस्क्यू ऑर्गनायझेशनची, १९३५ पासूनची, सगळी स्वयंसेवक.

खवचट_खारूताई
यांना कोण पैसे देतं? हॉस्पिस झालं, विदर्भ झाला, आणि पाय मुरगळल्यावर यांना बोलवायचं?

सावकाश_सावंत
खारूताईंचा हा मुद्दा खरा आहे. वाटेलाही तेच लागू. दर उन्हाळ्यात हजारो पाय या तीन टेकड्यांवर पडतात. व्हर्नसाइडवरच्या फरशा, इंगलबरोच्या पायऱ्या कुणीतरी दगड वाहून घातल्यात. जमलेल्या रकमेत नको, पण गटानं स्वतःच्या खिशातून माणशी पाच-पाच पाउंड वाटदुरुस्तीला आणि रेस्क्यूला द्यावेत. हॉर्टनच्या वाहनतळावर उन्हाळी शनिवारी लवकर जागा संपते, तेव्हा दोनच गाड्या आणा. रस्त्याकडेच्या गवतावर लावू नका, ट्रॅक्टर अडतो. आठचा गट राष्ट्रीय उद्यानाला कळवलात तर उत्तम.

ग्रंथकीटक
अवांतर : हे तिन्ही डोंगर एका दिवसात चालल्याची जुनी नोंद जुलै १८८७ ची आहे. जवळच्या गिगल्सविक शाळेच्या दोन शिक्षकांनी दहा तासांत केले. आणि १९५४ पासून इथे धावण्याची शर्यत होते, जिंकणारे साधारण तीन तासांत परत.

टिवल्याबावल्या
तीन तास?? त्यांना फाटक कोण लावून देतं?

लीड्सची_कैरी
सगळ्यांचे आभार. काल गटाशी बोलून ठरलं ते असं : चार-चारच्या दोन तुकड्या, क्रमांक दोनवर पार्कवाले. आदल्या रात्री हॉर्टनजवळ मुक्काम, ६:३० ऐवजी ६ ला निघणार. रिबलहेड १२, चॅपल-ल-डेल ३:४५ या मर्यादा पाळणार. हॉस्पिसचं पान वेगळं उघडलं. विदर्भातल्या संस्थेकडे एफसीआरए आहे, त्यांनी खात्याची माहिती पाठवली. रेस्क्यू आणि वाटेसाठी आमचे स्वतःचे माणशी दहा.
एकच राहिलं. पेन-इ-गेंटच्या माथ्याखाली खडकाचे टप्पे आहेत म्हणतात, तिथे हात लावून चढावं लागतं?

धुकटवाट
हो, दोन टप्पे. खालचा चुनखडीचा, वरचा ग्रिटस्टोनचा (खरबरीत वालुकाश्म). अवघड नाहीत, पण दोन्ही हात मोकळे हवेत. ट्रेकिंगच्या काठ्या तिथे पोचण्याआधी दुमडून सॅकला बांधा. हातात लटकवून चढलात तर मागच्याच्या डोळ्यात जातील. ओल्यात वरचा टप्पा सावकाश. सहाला निघताय ते चांगलं, शनिवारी उशिरा गेलात तर तिथेच रांग लागते.

लीड्सची_कैरी
समजलं. आणि सुगरणताई, गूळपोळ्या माणशी किती?

सुगरण_पोटली
तीन सॅकमध्ये. चौथी हॉर्टनला गाडीत ठेव, आणि तिच्याबद्दल कुणाला सांगू नकोस.